रक्ताच्या बाटलीवरचं नाव

फ्रीजचं दार उघडलं तर आतल्या तीन बाटल्यांवर नावं नव्हती. बराच वेळ वीज गेलेली होती. वरचा बर्फ वितळून पाणी खाली ठिबकलं होतं आणि चिकटपट्टीवर शाईनं लिहिलेली नावं निळ्या डागांसारखी पसरली होती. एका पट्टीवर फक्त 'बाई' एवढं वाचता येत होतं. तिन्ही बाटल्या बायकांच्याच होत्या.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. देवळाली प्रवऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी रक्त-लघवी तपासण्याची लॅब चालवत होते. माझे यजमान साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता आणि कामावरून आले की त्यावर लोकांची टायपिंगची कामं करायचे. त्यामुळे त्या खोलीत एका बाजूला माझं सूक्ष्मदर्शक आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा कॉम्प्युटर, मध्ये सासूबाईंनी जुन्या लुगड्याचा लावलेला आडोसा. प्रिंटर नव्हता. छापायचं असलं की ते फ्लॉपी खिशात घालून राहुरीला जायचे.

त्या तिघींना मी परत बोलावून घेतलं. त्यातली एक सातव्या महिन्यातली होती, उन्हात वस्तीवरून चालत आली. तिनं काही तक्रार केली नाही, हात पुढे केला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. तक्रार केली ती पलीकडच्या गल्लीतल्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाईंनी. माझं निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडून यायचं.

"माझ्या पेशंटला दोनदा सुई टोचलेली मला चालणार नाही," त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "आज नाव पुसलं, उद्या नाव बदलेल. छापील लेबल लाव. नाहीतर मी सॅम्पल श्रीरामपूरला पाठवत जाईन."

त्या गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन बसले. नाव बदलेल, हे त्या बोलल्या नसत्या तरी माझ्या डोक्यात सकाळपासून तेच होतं.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं नगरला गेलो. दुकानदार बोलका होता. त्यानं आधी हातात धरायचं एक यंत्र दाखवलं. चकती फिरवून एकेक अक्षर दाबायचं, मग प्लास्टिकच्या पट्टीवर ते उमटायचं. एक नाव काढून बघितलं तेव्हाच बोट दुखलं. मग त्यानं नव्या पद्धतीचा, शाई फवारणारा प्रिंटर दाखवला. अक्षरं पुस्तकातल्यासारखी सुरेख. यजमानांचे डोळे चमकले.

"थोडं पाणी मिळेल का?" मी विचारलं.

दुकानदारानं प्यायला ग्लास दिला. मी त्यात बोट बुडवून छापलेल्या लेबलवरून फिरवलं. सुरेख अक्षरं बोटाबरोबर निघून आली.

"ताई, कागद भिजवतं का कुणी?" दुकानदार म्हणाला.

"माझा फ्रीज भिजवतो."

शेवटी राहिले ते फितीवर टाचण्या आपटून अक्षरं उठवणारे, करकरणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. फितीची शाई पाण्याला दाद देत नव्हती. दुकानात असे दोन होते. स्वस्तातल्या प्रिंटरमध्ये कागद मागून शिरून रुळाभोवती वळून वर यायचा. त्यात लेबलांची पट्टी घातली तर दुसरंच लेबल सुटून आत रुळाला चिकटलं आणि दुकानदाराला ते चिमट्यानं काढावं लागलं. दुसऱ्यात खालून कागद घालायची सोय होती. पट्टी सरळ वर यायची. तो महाग होता. यजमान माझ्याकडे बघत राहिले, मी त्या चिमट्याकडे बघत होते. आम्ही दुसरा घेतला आणि एसटीत तो खोका मांडीवर घेऊन आलो.

बसवायला दोन संध्याकाळी गेल्या. खालून कागद घालायचा म्हणून सुताराकडून टेबलाला फट पाडून घेतली. पहिल्यांदा वायर जोडली तेव्हा लेबलावर नुसते चौकोन आणि बाण उमटले. यजमानांनी प्रिंटरचं पुस्तक उघडलं, मागची बारीक बटणं पेनाच्या टोकानं वर-खाली केली आणि मग नीट इंग्रजी अक्षरं आली. वर नाव, खाली वय, त्याखाली नंबर. त्यांनी पाच लेबलं काढली. पाचही चोख. मी ती रिकाम्या बाटल्यांना लावून फ्रीजमध्ये ठेवली, वर पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशीही अक्षर न् अक्षर जागेवर होतं.

"आता हातानं लिहायचं बंद," यजमान म्हणाले. "दोन ठिकाणी लिहिलं की दोन चुका."

मला ते पटलं. त्या सोमवारी प्रसूतिगृहात गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस होता. त्यांची परिचारिका दुपारी बाटल्यांचा डबा घेऊन आली. बाटल्यांवर काही लिहिलेलं नव्हतं; त्या ओळीनं ठेवलेल्या होत्या आणि सोबत त्याच ओळीनं नावांची यादी. यजमानांनी त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली होती. ते नावं टाईप करायला बसले. परिचारिका परत गेली आणि तेवढ्यात धावतच पुन्हा आली. तिच्या हातात आणखी एक बाटली होती.

"ही आधी घ्या," ती म्हणाली. "आत्ता बाळंत झालीय, रक्तस्राव थांबत नाही. रक्ताचा गट सांगा आणि नगरच्या रक्तपेढीत पाठवायची बाटली लगेच तयार करा. मॅडमनी कारखान्याची जीप सांगितलीय."

तिच्या मागोमाग एक माणूस दारात आला. ऊसतोडीला आलेला, पाथर्डीकडचा. शर्टावर उसाची कुसं तशीच. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

"बाई, लई रगत जातंय तिचं," तो म्हणाला. "मला द्या, मी नेतो नगरला. कुठं न्यायचं तेवढं सांगा."

"बसा दादा. देते."

बाकीची नावं टाईप होऊन गेली होती, म्हणून यजमानांनी तिचंही नाव यादीत शेवटी घातलं आणि प्रिंटर सुरू केला. त्याचा आवाज त्या लहान खोलीत लाकूड कापल्यासारखा भरला. परिचारिकेनं आणलेली बाटली मी डब्याशेजारी ठेवली होती. लेबलं जशी वर येत होती तशी मी काढून बाटल्यांना लावत होते. हात भराभर चालत होते, डोळे उंबऱ्यावरच्या माणसाकडे जात होते. मध्येच सासूबाई त्याला पाणी द्यायला बाहेर आल्या. त्यांना वाट करून देताना यजमानांनी डबा उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, आणि जागा होईना म्हणून दोन बाटल्या बाहेर काढून ठेवल्या.

मग मी पुढचं लेबल सोलून हातात घेतलं आणि थांबले. त्यावर एक नंबर होता, आणि नंबराच्या खाली नाव. नाव वर असायला हवं होतं. आधीचं लेबल बघितलं. त्यावर नाव आणि वय होतं, नंबरच नव्हता. एकीचा नंबर दुसरीच्या नावावर जाऊन बसला होता. पुढची सगळी लेबलं तशीच. शेवटी त्या बाळंतिणीच्या लेबलावर तिच्या आधीच्या बाईचा नंबर होता, आणि तिचा स्वतःचा नंबर एका रिकाम्या लेबलावर एकटा.

"थांबवा," मी म्हणाले.

"संपलंच आहे. काय झालं?"

मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती ओळीनं वाचली. मी डब्याकडे वळले, आणि तेव्हा मला दिसलं की टेबलावर विना लेबलाच्या तीन बाटल्या शेजारी शेजारी आहेत. तिन्ही सारख्याच.

"तिची कुठली?" मी विचारलं.

"ही," यजमानांनी मधल्या बाटलीवर बोट ठेवलं. "ही असणार. मी डबा उचलला तेव्हा ही डब्याबाहेर होती."

"असणार की आहे?"

त्यांनी बोट मागे घेतलं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तो माणूस उठून उभा राहिला. परिचारिका म्हणाली, "ताई, ही गरम आहे बघा, ताजी आहे, हीच." मी हात लावला. मला तिन्ही सारख्याच वाटल्या. माझ्याच हाताला घाम आला होता. आत्ता या मधल्या बाटलीवर नाव लिहून दिलं तर जीप सुटेल. ती तिची असली तर एक बाई वाचेल. नसली तर नगरहून दुसऱ्याच गटाचं रक्त येईल आणि ते तिला चढवलं जाईल.

मी सिरिंज, नवी बाटली, चिकटपट्टी आणि गट बघायची काच-औषधं घेतली आणि चपला न घालता गल्ली ओलांडून पळाले.

डॉक्टरबाईंचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी मान वळवून बघितलं.

"गट काय आहे?"

"मॅडम, मला पुन्हा रक्त घ्यायचंय."

"काय?"

"बाटल्यांची सरमिसळ झाली. मला खात्री नाही."

"तिच्या अंगात आहे का आता द्यायला?" त्या अगदी हळू म्हणाल्या. मग मान खाली घालून पुन्हा कामाला लागल्या. "घे. लवकर."

शीर सापडेना. हात गार पडला होता, पांढरा. दोनदा चुकले. तिचे डोळे अर्धवट उघडे होते. "नाव सांगा तुमचं," मी म्हणाले. ते मला माहीत होतं, तरी विचारलं. तिचे ओठ हलले. परिचारिकेनं कान तोंडाशी नेला आणि नाव मोठ्यानं सांगितलं. तिसऱ्यांदा रक्त आलं. तिथंच, खाटेच्या कडेवर बाटली टेकवून, मी चिकटपट्टीवर तिचं नाव लिहिलं आणि ती ओली होऊ नये म्हणून वरून आणखी एक पट्टी गुंडाळली. तिथंच काचेवर गट बघितला आणि बाटली तिच्या नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती शर्टाच्या आत छातीशी धरली आणि जीपमध्ये चढला.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते सांगता येत नाही. घरी येऊन मी त्या तिन्ही बाटल्या तपासल्या. मधल्या बाटलीचा गट तिचाच निघाला, बाकी दोन वेगळ्या. म्हणजे यजमानांनी बोट ठेवलं ती बरोबर होती. मी पळाले नसते तरी चाललं असतं. जीप पंधरा-वीस मिनिटं आधी सुटली असती.

"मी सांगत होतो," असं ते म्हणाले असते तर मी भांडले असते. त्यांनी प्रिंटरची वायर काढली आणि ते पुस्तक घेऊन उंबऱ्यात जाऊन बसले.

संध्याकाळी दिवेलागणीला जीप परत आली. रक्त चढलं. ती वाचली. डॉक्टरबाईंनी निरोप पाठवला तो परिचारिकेकरवी, आणि त्यात तेवढंच होतं. पुढचा आठवडाभर त्यांनी माझ्याकडे एकही बाटली पाठवली नाही. श्रीरामपूरला पाठवल्या की काय, ते मी विचारलं नाही.

दोष काय होता ते यजमानांना त्याच पुस्तकात सापडलं. प्रिंटरला वाटत होतं आपण नेहमीचा पानापानाचा कागद छापतोय. त्यामुळे पान संपायला आलं की पानांमधला जोड टाळण्यासाठी तो आपल्याआपण बोट-दोन बोटं कागद पुढे ढकलायचा. पहिली पाच-सहा लेबलं म्हणून नीट यायची आणि पुढचं लेबल बरोबर मधून तुटायचं. आम्ही पाचच काढून बघितली होती. मागचं एक बारीक बटण खाली करायचं होतं, बस. त्यांनी ते पेनाच्या टोकानं खाली केलं, मग मला बोलावलं.

"बघ," ते म्हणाले. "पण आता माणसांची नावं नकोत."

त्यांनी गवार, भेंडी, दोडका, पडवळ अशी भाज्यांची नावं घातली. भाज्या संपल्यावर धान्यं घातली. आम्ही दोघं उभे राहून एकेक लेबल वर येताना बघत होतो. मागच्या वेळी जिथं तुटलं होतं, त्या लेबलपाशी मी खाली वाकून बघितलं. ते नीट आलं. त्याच्या पुढचं आलं. पट्टी संपेपर्यंत आली. मी म्हटलं, पुन्हा काढा. त्यांनी पुन्हा काढली. लेबलं वाया जात होती, तरी त्यांनी एका शब्दानं हटकलं नाही. त्यानंतर आम्ही एक ठरवलं: लेबल आधी छापायचं, रिकाम्या बाटलीला लावायचं, मग माणसाला नाव विचारायचं आणि मगच सुई. बिनलेबलाची बाटली रक्तासकट दारातून आत येणार नाही. प्रसूतिगृहालाही मी तेच कळवलं. डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या सोमवारी परिचारिका आधी नावं घेऊन आली, बाटल्या नंतर.

काही दिवसांनी ती बाई स्वतः आली, रक्त किती भरलं ते बघायला. नवरा बाळ घेऊन मागे उभा होता. चेहरा अजून फिका होता. मी लेबल छापून बाटलीला लावलं आणि नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी वाचून दाखवलं.

"त्याच्यावर माझंच हाय का?" तिनं विचारलं.

"तुमचंच आहे."

तिनं बाटली हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. मग हात पुढे केला. शीर या वेळी लगेच सापडली. रक्त अजून फार कमी होतं. मी गोळ्या सांगितल्या, गूळ-शेंगदाणे सांगितले, निदान महिनाभर मोळी उचलू नका म्हणून सांगितलं.

नवऱ्यानं बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मुकादमाला इचारतो," तो म्हणाला.

"विचारू नका, सांगा," मी म्हणाले.

ती पदर सावरून उठली आणि ती दोघं ऊसतोड्यांच्या तळावर जायला निघाली. मी दारात उभी राहिले. कारखान्याचा भोंगा झाला होता आणि उसाच्या गाड्या रस्त्यावरून ओळीनं चालल्या होत्या.