भुसा आणि बुरादा

चंडीगडची थंडी फरशीतून वर येते. आमचं भाड्याचं घर पहिल्या मजल्यावर होतं. जानेवारीत तिथल्या मोझॅकवर अनवाणी पाऊल टेकवत नसे. मुलगी नुकती रांगायला लागली होती आणि तिचा खोकला हटत नव्हता. अमरावतीहून सासऱ्यांचा ट्रंक कॉल आला.

"त्या गार फरशीवर लेकरू ठेवू नका. मी रविवारी येतो आन् दोघींना घेऊन जातो."

अतिरेक्यांचे गोळीबार, स्फोट, बंद यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्या बातम्या मी रोज कचेरीत बसून लिहीत होतो आणि त्यांतल्या काही त्यांच्या गावच्या वर्तमानपत्रातही छापून येत होत्या.

बायको वैद्यकीय संस्थेत संशोधन करायची. ती गेली असती तर तिचं काम अर्धवट राहिलं असतं. शिवाय त्या वर्षांत 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून गेलेली कुटुंबं सहसा परतत नसत. तिने रिसीव्हर ठेवला. "बाबा फरशीचं म्हणतात ना? मग फरशीच बदलू."

तेव्हापासून घरात लग्नघाई सुरू झाली. शेजारच्या मनीमाजऱ्यातला एक फर्निचरवाला दुकान गुंडाळून दिल्लीला निघाला होता. त्याचे लॅमिनेट चढवलेले प्लायचे तक्ते आम्ही स्वस्तात उचलले. पहिला तक्ता हातातून सुटून फरशीवर आदळला, तसा खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. थोड्या वेळाने आमचे घरमालक, एक निवृत्त सरदारजी, जिना चढून आले. दाराबाहेरूनच त्यांनी विचारलं, "पत्रकार साहब, सब ख़ैर?"

तक्ता पाहिल्यावर ते खुर्चीत बसले. "नीचे कुछ बिछाओ, यार. दिल मेरा कमज़ोर है, और ज़माना ख़राब."

काय अंथरायचं ते बायकोने ठरवलं. बर्फवाले बर्फ भुशात ठेवतात. भुसा ऊन आत येऊ देत नाही, तसाच तो गारठाही अडवेल. फरशीवर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांच्या मधल्या जागेत लाकडाचा भुसा, त्यावर गोणपाट आणि मग तक्ते. आवाजही मरेल. तिने जमिनीवर खडूने रेघा मारल्या आणि मला स्कूटरवर पिटाळलं.

मनीमाजऱ्याच्या बाजारात मी विचारलं, "भूसा कहाँ मिलेगा?" ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने एकाच गल्लीकडे बोट दाखवलं. दुकानदाराने तोंड शिवलेलं पोतं स्कूटरच्या मागे बांधून दिलं. त्या शहरात माझं कुठलंच काम इतक्या झटपट झालं नव्हतं. मी गाणं गुणगुणत निघालो.

परतीच्या रस्त्यावर तपासणीचा नाका होता. वाळूच्या पोत्यांमागून एक जवान पुढे आला.

"बोरे में क्या है?"

"भूसा."

"भैंस रखी है?"

"नहीं. बच्ची के लिए."

त्याने मागे वळून हवालदाराला हाक मारली. हवालदाराने मला नीट पाहून घेतलं. "बच्ची भूसा खाती है?"

"खाएगी नहीं. फ़र्श के नीचे डालना है."

हे वाक्य त्या काळात, त्या जागी बोलायचं नव्हतं, हे तोंडातून निघाल्यावर कळलं. फरशीखाली आणखी काय काय ठेवणार, असं त्याने विचारलं. ओळखपत्र मागितलं. पोतं उसवून रस्त्याच्या कडेला उपडं करण्यात आलं. आतून पिवळीधमक गव्हाची काडी बाहेर पडली.

"ये भूसा नहीं है," मी म्हणालो.

"तो भूसा और क्या होता है, जनाब?"

"लकड़ी का. आरी से जो निकलता है."

हवालदार पोट धरून हसला. "वो बुरादा है, बुरादा. मद्रास से आए हो?"

"महाराष्ट्र से."

"एक ही बात है."

त्याने काडी पुन्हा पोत्यात भरायला जवान माझ्या मदतीला दिला आणि लाकूड कापायच्या आरा मशीनचा पत्ता सांगितला. तिथून बुरादा भरून घेऊन मी दोन पोत्यांसह घरी पोचलो.

बायकोने पहिल्या पोत्यात हात घातला. "हे तर कुटार आहे. अमरावतीला म्हशीपुढे टाकतात हे. तुमच्या पुण्यात म्हशी नसतात का रे?"

"असतात. पण त्यांच्याशी कधी बोलणं झालं नाही."

कुटार घरमालकांच्या दूधवाल्याने नेलं. बुरादा आम्ही गच्चीवर उन्हात वाळवला, कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर मिसळून पट्ट्यांमध्ये भरला आणि मोजपट्टी फिरवून सपाट केला. बायकोच्या भुवयांवर, केसांवर, सगळीकडे भुसा होता. शेवटचा स्क्रू बसल्यावर तिने टाच जोरात आपटली आणि आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत राहिलो. खाली रेडिओ चालूच होता. तिने मुलीला मधोमध सोडलं. मुलगी भिंतीपर्यंत गेली, वळली आणि दुप्पट वेगाने परत आली.

रविवारी सासरे आले. बूट-मोजे काढून ते खोलीभर चालले, वाकून तळहात टेकवला. "गार नाही."

"नाहीच," बायको म्हणाली.

"फरशीचं निमित्त होतं, बाळ."

"माहीत आहे, बाबा. पण तुम्ही तेवढंच बोललात, म्हणून आम्ही तेवढंच दुरुस्त केलं. बाकीचं आमच्या हातात नाही. मी इथेच राहणार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिने सगळं सांगितलं होतं. जेवणानंतर मी गादी घालू लागलो तर ते नको म्हणाले आणि तसेच तक्त्यांवर आडवे झाले. मुलगी त्यांच्या पोटावर चढली. दोघांनाही झोप लागली.

उठल्यावर त्यांनी चहा घेतला आणि खिशातून परतीची रेल्वेची तिकिटं काढली.

"जावईबापू, हिचं तिकीट रद्द करायचं तर कुठे जावं लागतं?"

अंधार पडायच्या आत स्टेशनवरून घरी यायचं होतं, म्हणून आम्ही लगेच स्कूटर काढली.