देवधरांचा सोफा आणि चांदणीची नखं

“नखंच काढून टाका,” देवधर म्हणाले. “कायमची. एकदा operation करून विषय संपवा.”

मी सोफ्याचा हात बघत होते. सागवानी सोफा, त्यावर गर्द जांभळी मखमल, आणि एका बाजूने आतला कापूस बाहेर लोंबत होता. गुन्हेगार टेबलाखाली बसून पंजा चाटत होती. पांढरी, डाव्या कानावर करडा ठिपका. नाव चांदणी.

भोपाळमध्ये कारखान्याच्या टाउनशिपबाहेर माझा जनावरांचा दवाखाना होता. देवधर कारखान्यात इंजिनिअर. पुढच्या महिन्यात मुलीचा साखरपुडा त्यांच्या क्वार्टरमध्येच व्हायचा होता आणि पुण्याहून पाहुणे येणार होते.

“आपली नखं बोटावर असतात,” मी म्हटलं. “मांजराचं नख हाडातून उगवतं. ते काढायचं म्हणजे बोटाचं शेवटचं पेर कापायचं. प्रत्येक बोटाचं. मी ते करत नाही.”

देवधर क्षणभर स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे. मग रविवारी मिसरोदच्या पुढे शेतात सोडून येतो. तिथे झाडं ओरबाडू दे.”

त्यांची पत्नी सुनंदाताई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “डॉक्टर, सासूबाई गेल्यापासून अप्पा कुणाशी बोलत नाहीत. आमच्याशीही नाही. जे काही बोलतात ते दुपारी, या मांजरीशी. ह्यांना सांगितलं तर पटत नाही. ते कारखान्यात असतात ना तेव्हा.”

मी म्हटलं, “उद्या दुपारी येते. ती सोफ्याकडे कधी जाते ते मला बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी जाऊन मी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. हिवाळ्यातली दुपार. टाउनशिपचे रस्ते रिकामे, कडुनिंबाची सावली अंगणात हळूहळू सरकत होती. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता. त्या पट्ट्यात अप्पांची आरामखुर्ची, आणि अप्पांच्या मांडीवर चांदणी झोपलेली. हवेत धुळीचे कण तरंगत होते. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. माझेही डोळे जड झाले.

तेवढ्यात अप्पा बोलायला लागले. डोळे मिटलेलेच होते.

“ऊन छान पडलंय आज. ती असती तर पापड घातले असते गच्चीवर. मला राखण करायला बसवलं असतं. आणि मी झोपलो असतो.” ते स्वतःशीच हसले. “मग कावळे. मग बोलणी.”

मांजरीचा एक कान हलला. अप्पा सावकाश सांगत राहिले. नागपूरचं घर, विहिरीवरचा रहाट, नव्या नवरीचं पहिलं वरण, त्यात मीठ घालायचं राहिलेलं. ऐकता ऐकता मी कामासाठी आले आहे हेच विसरले.

दारात कुणीतरी उभं असल्याचं मला उशिरा दिसलं. एरवी येत नसत, पण त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत देवधर घरी आले होते. हातात हेल्मेट, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. ते तसेच उभे होते.

चांदणी जागी झाली. खाली उतरली. पाठीची कमान केली आणि सरळ सोफ्याकडे गेली. पुढचे पाय उंच टाकून, पूर्ण ताणून, खर्रर्र ओरबाडायला लागली. देवधर ओरडले नाहीत. हळूच मला म्हणाले, “हिला सोफ्याचा राग का येतो?”

“राग नाही. झोपेतून उठली की अंग ताणायला तिला काहीतरी उंच आणि घट्ट लागतं. जुन्या नखाचं टरफलही त्यात निघतं. खुर्चीपासून सगळ्यात जवळ सोफा आहे, एवढंच. तसा एक खांब करा, त्याला काथ्याची दोरी गुंडाळा आणि इथेच ठेवा. सोफ्याला काही दिवस जाड प्लॅस्टिक लावा. नखांची टोकं मी कापून देते. त्याने तिला दुखत नाही.”

“बैठकीत? पाहुण्यांसमोर?”

“मागच्या गच्चीत ठेवलात तर ती गच्चीत जाऊन अंग ताणणार नाही. तुम्ही तरी सकाळी आळस द्यायला गच्चीत जाता का?”

देवधरांनी खांब स्वतः केला. पहिला हलका झाला. चांदणीने पंजा टेकला, खांब कलंडला, आणि पुढे ती त्याच्या वाऱ्यालाही उभी राहीना. देवधर रात्री फोनवर म्हणाले, “तुमचा उपाय fail झाला.” मी म्हटलं, “उपाय नाही, foundation.” “बरोबर आहे,” ते म्हणाले. दुसऱ्या खांबाला त्यांनी खाली जाड लोखंडी प्लेट बसवली. तो मी दोन्ही हातांनी ढकलून पाहिला, हलला नाही.

आठवडाभर ती नुसता वास घेत राहिली. सुनंदाताईंनी तिला बळेच नेऊन पंजे घासायला लावले नाहीत. तेवढं मी बजावलं होतं. मग एका दुपारी त्यांचा दवाखान्यात फोन आला. त्यांनी रिसीव्हर बैठकीकडे धरला. खर्रर्र. मागे अप्पांचा आवाज, “शाब्बास.”

साखरपुड्याला मीही गेले होते. सोफ्याच्या फाटक्या हातावर क्रोशाचा रुमाल होता. खांब बैठकीत, सगळ्यांच्या मध्ये. मुलाच्या काकांनी विचारलंच, “हे काय?” देवधरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कोपऱ्यातल्या खुर्चीतून अप्पा म्हणाले, “आमच्या मांजरीचं आहे. बसा, सांगतो.” सुनंदाताई हातातला ट्रे घेऊन जागच्या जागी थांबल्या. काका बसले. अप्पांनी पाऊण तास सोडलं नाही.

त्यानंतर ओरबाडण्याच्या कितीतरी तक्रारी माझ्याकडे आल्या. लोक फाटलेल्या सोफ्याचे फोटो आणतात. मी त्यांना एवढंच विचारते, मांजर झोपतं कुठे? बहुतेकांना ते माहीत नसतं.