माझ्या सहीचे पाणी

डॉ. नंदिनी कुलकर्णी सूक्ष्मदर्शकावरून उठल्या आणि म्हणाल्या, "सर, पुन्हा काहीच नाही. सलग पाचवा ट्रे."

मी समोरच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होतो. "अरेरे," एवढेच म्हणालो. वाईट वाटल्याचा चेहरा केला. वाईट वाटले नव्हते.

या प्रसंगाच्या सध्या दोन हकिगती फिरत आहेत. विभागाच्या स्मरणिकेत विभागप्रमुखांनी लिहिले आहे की दुष्काळातल्या कोरड्या हवेमुळे आमचे स्फटिक वाढले. हे साफ चूक आहे. स्फटिकाचा थेंब ग्रीस लावून बंद केलेला असतो. बाहेरच्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. प्रमुखांनी आयुष्यात एकही ट्रे लावला नव्हता, म्हणून त्यांना हे माहीत नसावे. दुसरी हकिगत कँटीनमधली. पवारांनी, म्हणजे मी, जळून महिनाभर काम अडवले, असे तिथे सांगतात. तेही खोटे आहे. महिनाभर नव्हे, आठ दिवस.

आता क्रमाने सांगतो.

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप आला की पेशीच्या आत कायनेज नावाचे एन्झाइम दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि निरोप पुढे जातो. हे एन्झाइम बिघडले तर पेशी निरोप नसतानाही वाढत सुटते. म्हणून त्याचा आकार माहीत असावा लागतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एन्झाइमचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून आकार काढायचा. अवघड असते ते स्फटिक करणे. ट्रेमधल्या प्रत्येक खळग्यावर एन्झाइमचा बारीकसा थेंब काचेला उलटा टांगून ठेवतात. त्यातले पाणी सावकाश कमी होते. नशीब असेल तर रेणू ओळीने लागतात. नसेल तर तळाशी साका उरतो.

मी याच मानवी कायनेजवर चार वर्षे साका पाहिला. कुलकर्णी मॅडम परदेशातून आल्या, माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. त्यांनी तेच एन्झाइम घेतले आणि चौथ्या महिन्यात मला बोलावले. "सर, बघा ना जरा." सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे सहा लखलखीत स्फटिक होते. मी अभिनंदन केले. घरी जाऊन जेवलो नाही. पत्नीने कारण विचारले, तेव्हा पित्त झाल्याचे सांगितले.

विभागाला लागणारे शुद्ध पाणी माझ्या ताब्यात असे. काचेच्या यंत्रात पाणी उकळायचे, वाफ थंड करायची आणि ते पुन्हा एकदा करायचे, असे दोनदा ऊर्ध्वपातित पाणी मी काढत असे. प्रत्येक बाटलीवर लेबल, तारीख आणि माझी सही असे. सही असलेले पाणी कोणी तपासत नसे. तो आमच्या विभागाचा शिरस्ता होता आणि मला त्याचा अभिमान होता.

पण वाफ थंड करायला नळाची धार तासन्‌तास चालू ठेवावी लागते. त्या वर्षी औरंगाबादला नळ आठवड्यातून एकदा येत होता. वाळूजकडे रोज नवे कारखाने आणि शहराभोवती रोज नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. पाइपलाइन मात्र जुनीच होती. शिपाई कादरभाई टँकरमागे बादल्या घेऊन धावत असताना मी नळाची धार मोरीत सोडू शकत नव्हतो. म्हणून उस्मानपुऱ्यातल्या सलीमभाईंच्या दुकानातून बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी आणले. ते नेहमीच्या बाटल्यांत भरले. त्यांवर नेहमीचे लेबल लावले आणि नेहमीची सही केली. कोणाला सांगितले नाही. पवारांच्या यंत्राला पाणी नाही, असे कोणी म्हणायला नको होते.

मॅडमचे स्फटिक त्याच उन्हाळ्यात आले. चाचण्यांत ते संपले. दरम्यान धरणात थोडे पाणी आले, नळ एक दिवसाआड झाला आणि मी माझे यंत्र पुन्हा सुरू केले. त्या दिवसापासून स्फटिक बंद.

दुसऱ्या राज्यातल्या क्ष-किरण केंद्रात मॅडमना यंत्र वापरण्याची पाळी मिळाली होती. ती गेली तर वर्ष जाणार होते. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

माझे पाण्याचे रजिस्टर व्यवस्थित असे. दुसरा ट्रे फसला तेव्हाच मी तारखा ताडून पाहिल्या. स्फटिक आलेला प्रत्येक ट्रे बॅटरीच्या पाण्याचा होता. मी रजिस्टर मिटले आणि कपाटात ठेवले. लेबल खोटे ठरेल म्हणून मी गप्प आहे, असे मी स्वतःला सांगत होतो. ते अर्धेच खरे होते. मॅडम रोज सकाळी सूक्ष्मदर्शकावर वाकत आणि साका पाहून उठत. मला ते पाहायला आवडत होते. माझी चार वर्षे त्यांना थोडी तरी कळावीत, असे वाटत होते.

पाचव्या ट्रेनंतर त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, मी पाळी रद्द करतेय. आज केंद्राला कळवते."

"इतक्यात? ग्रीस बदलून पाहा."

"ग्रीस बदललं. काचा बदलल्या. एन्झाइम नव्यानं काढलं. कादरभाईंना त्या खोलीत झाडूसुद्धा मारू दिला नाही. दोष माझ्या हातातच असणार."

"पाणी?" माझ्या तोंडून निघून गेले.

"पाणी कशाला बदलू? त्यावर तुमची सही आहे."

मी पेन खाली ठेवले. "पत्र उद्या पाठवा," म्हणालो आणि स्कूटर काढली.

सलीमभाई एका ट्रॅक्टरची बॅटरी उघडून बसले होते.

"सलीमभाई, उन्हाळ्यात मला दिलेले पाणी खरोखर डिस्टिल्ड होते का?"

"आता सर, तुमच्यासंगं खोटं कशाला बोलू? लोड-शेडिंगनं घरोघर इन्व्हर्टर आले. पानी साफ करायच्या मशीनमधलं पावडर चैत्रातच बाद झालं. नवं आलंच नाय. मग बोअरचं पानी गाळून भरलं."

"नुसते बोअरचे?"

"गाळून, सर! फडक्यातून. कुणाची बॅटरी बोंबलली नाय. तुमची बोंबलली का?"

"नाही. चांगली चालली. तेच पाणी एक कॅन द्या."

प्रयोगशाळेत आल्यावर त्यातले थोडे पाणी मी चंचुपात्रात आटवले. तळाशी पांढरा थर राहिला, आपल्याकडे बोअरच्या पाण्याच्या पातेल्याला बसतो तसा. तो कॅल्शियमचा. पात्र आणि कॅन मॅडमसमोर ठेवले आणि सर्व सांगितले. सही, रजिस्टर, आठ दिवस.

त्यांनी पात्र उजेडात धरून तो थर पाहिला. मग म्हणाल्या, "कॅन किती लिटरचा?"

"पाच."

"पुरेल." मग मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला काहीतरी माहीत आहे, एवढं मला कळलं होतं सर. काय माहीत आहे ते कळत नव्हतं. आधी रोज माझ्या सूक्ष्मदर्शकात डोकवायचात. हे आठ दिवस एकदाही आला नाहीत."

चौथ्या दिवशी स्फटिक आले. पुढे त्यांनी शुद्ध पाण्यात मोजून कॅल्शियम घातले, तेव्हा आणखी मोठे आले. पाळी गेली नाही. रचना निघाली. एन्झाइमच्या दोन रेणूंच्या मधोमध कॅल्शियमचा एक अणू बसलेला दिसला. तो दोघांना धरून होता. तो नसता तर ओळ लागली नसती. शोधनिबंधावर नाव त्यांचे आहे. शेवटी आभारांत माझे आहे, 'पाण्याबद्दल'. स्मरणिकेतली चूक दुरुस्त करावी म्हणून मी प्रमुखांना दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही.

चार वर्षे मी काढलेले पाणी शहरात सर्वांत शुद्ध होते. त्यात कॅल्शियम औषधालाही नव्हते. माझे थेंब त्यामुळेच साका होत राहिले. हे मला कोणी सांगितले नाही. रचनेचे चित्र भिंतीवर लागले तेव्हा माझे मलाच कळले. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनाही कळले असणार, कारण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या यशाइतकाच तो समजूतदारपणाही मला खुपला. आजही खुपतो.

नव्या लोकांना सांगण्यासारखे एवढेच आहे: बाटलीत जे असेल तेच लेबलावर लिहावे, आणि सहीखालचे पाणीही तपासावे.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी मॅडम एक भरलेली बाटली घेऊन आल्या. लेबलावर पाण्याचा प्रकार, घातलेले कॅल्शियम, तारीख, सगळे त्यांच्या अक्षरात होते. खाली जागा मोकळी होती.

"सही करा, सर."

मी लेबल दोनदा वाचले. मग बाटलीतले थोडे पाणी चंचुपात्रात ओतून आटवायला ठेवले. त्या स्टूल ओढून बसल्या. पांढरा थर दिसल्यावरच मी सही केली.