नाव न घेता वाचलेली कादंबरी

नातीच्या उशाशी रक्तपिपासूची प्रेमकथा पडली होती. पुस्तक रद्दीतून आणलेलं, पुठ्ठ्याला जुन्या खळीचा वास. त्या वासानं मी साताऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या सोप्यात जाऊन बसले.

एकाहत्तरची लढाई संपली होती, तरी माझ्या फौजी नवऱ्याला रजा मिळत नव्हती. घरात मी आणि सासूबाई दोघीच. दुपारी त्या शेंगा फोडत बसायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचनालयातली कादंबरी मी मोठ्यानं वाचायची.

त्या खेपेच्या कादंबरीत एक मेलेला जमीनदार रोज रात्री प्रेयसीकडे यायचा आणि तिचं रक्त प्यायचा. त्याचं नाव नेमकं माझ्या नवऱ्याचं. आमच्यात बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नसे. मी अडखळले आणि नावाच्या जागी ‘हे’ वाचत गेले. हे खिडकीतून आत आले. ह्यांनी तिचे केस मागे सारले. भीती कुठल्या कुठे गेली, लाजून मी वाचायचीच थांबले.

“थांबलीस का? भ्या वाटतंय व्हय?”

“न्हाई, आत्ती.”

सासूबाईंचे हात शेंगांवरच राहिले. “मेलाय, तरी रोज येतोय की गं तिच्याकडं,” त्या हळूच म्हणाल्या. “परत वाच तेवढं.”

तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठीच म्हणाल्या. ब्रह्मदेशच्या लढाईवर गेलेले सासरे परतलेच नव्हते. त्यांचं नाव मी सासूबाईंच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.