तिसरं कडवं

माझ्या आईला मी तिच्याच गाण्यात कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं.

दिग्दर्शक मी होतो, कॅमेरा माझ्याच हातात होता, त्यामुळं दोष दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नाही. लग्नांचे व्हिडिओ काढता काढता मी गाण्यांच्या व्हिडिओंकडे वळलो होतो. एप्रिलमध्ये जयंतीची गाणी, आणि बाकी वर्षभर तळ्याकाठी एकमेकांकडे धावत येणारी जोडपी. नवेगाव बांधच्या तळ्याभोवती मी जितकी जोडपी स्लो मोशनमध्ये पळवली, तितकी आमच्या तालुक्यातून खरोखरची पळून गेली नसतील. मग डोक्यात आलं, आपल्या मातीतलं काहीतरी करावं. हे वाक्य डोक्यात आलं की दिग्दर्शकाला घरच्यांनी खोलीत कोंडून ठेवायला पाहिजे.

आई धानाच्या रोवणीत एक गाणं सांगायची. सांगायची म्हणजे ओळ ती म्हणायची आणि बांधीतल्या बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. पहिलं कडवं भावाच्या गावचं, दुसरं खेकड्यानं बोट धरल्याचं. तिसरं कशाचं होतं, ते मला सांगता येत नाही. लहानपणी धुऱ्यावर बसून शंभरदा ऐकलं असेल, पण तेव्हा माझं सगळं लक्ष डब्यात काय आहे याच्याकडे.

ती तांदूळ निवडत बसली असताना मी दोन कडवी वहीत लिहून घेतली. तिसऱ्याच्या वेळी गोंदियाच्या गायिकेचा फोन आला. "बाकीचं मंग," असं आईला म्हणत मी उठलो. संगीतकाराला चाल मी माझ्याच गळ्यातून ऐकवली, म्हणजे निम्मं गाणं तिथंच वारलं. उरलेलं गायिकेनं पाहून घेतलं. "भैया, दो अंतरे काफी हैं। तीसरे में पब्लिक आगे बढ़ जाती है।" मी मोठ्या जाणकारासारखी मान हलवली. "सही बात है।"

शूटिंग आमच्याच गावच्या बांधीत ठेवलं. आई, तिची जन्माची जोडीदारीण असलेली शेजारची मावशी, आणखी चार बाया, आणि मधोमध गोंदियाहून आणलेली हिरोईन. तिला खेकड्यांची इतकी भीती, की तिचे पाय चिखलात कमी आणि हवेतच जास्त. धुऱ्यावर स्पीकर ठेवून गाणं लावलं. बायांनी फक्त ओठ हलवायचे. मी नवे बूट घालून पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोवायला आणलेल्या रोपांच्या, जुड्यांच्या ढिगावर चढलो, उंचावरून रांग छान दिसत होती. कॅमेऱ्याचा माइक आधीच बंद केला होता. आमच्या धंद्यात शूटिंगच्या वेळचा आवाज म्हणजे कचरा.

सगळ्यांचे ओठ जुळले, शेजारणीचे ओठ बघून म्हणणाऱ्या बहिऱ्या मावशीचेसुद्धा; आईचे नाही. चार टेक झाले.

"आई, स्पीकर आइक ना. तू दुसरंच काही म्हनून रायली."

"माहं गानं मलेच शिकवून रायला का रे तू?"

बाया चिखलात बसायच्या बाकी राहिल्या, इतक्या हसल्या. आणि सेटवर लोक हसले की दिग्दर्शकाचं डोकं काम करायचं थांबतं. मी म्हणालो, "तू असं कर, तिकडं तोंड करून रोव."

"हव," ती म्हणाली आणि वळली. "कोनाले पाहाचं आहे माहं तोंड."

रोवणारी बाई मागं मागं सरकते. त्यामुळं त्या व्हिडिओत हिरोईन पुढ्यातून लांब जात राहते आणि आई पाठमोरी, वाकलेली, एकेक पाऊल आपल्याकडे येत राहते. आता येईल, आता वळेल असं वाटतं, आणि तिथंच मी कट मारलेला आहे.

आईला जाऊन दोन पावसाळे झाले. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते बायकोला विचारा. गेल्या महिन्यात जुन्या हार्ड डिस्कमध्ये तिनं पाठ फिरवायच्या आधीचा एक तुकडा सापडला. अकरा सेकंद. त्यात आईचा चेहरा आहे, कपाळाला चिखलाचं बोट लागलेलं. कॅमेऱ्याकडे बघू नका असं मी सगळ्यांना बजावलं होतं, तरी ती थेट माझ्याकडे बघतेय आणि तिचे ओठ हलताहेत. माझ्या गाण्यातल्या दोन्ही कडव्यांशी ते जुळत नाहीत. म्हणजे ते तिसरंच. मी गाळलेलं कडवं ती मला म्हणून दाखवत होती आणि मी आवाज बंद करून उभा होतो.

मी तो तुकडा हळू करून पाहिला, आणखी हळू करून पाहिला. आरशासमोर तसेच ओठ हलवून पाहिले, तेव्हा बायकोनं बाहेरूनच दार ओढून घेतलं.

शेवटी मावशीकडे गेलो. तिला गाणं विचारलं. "तुही माय सांगे, आमी मागून म्हनो. मले कुठचं येते?" पण मावशीला गेली कैक वर्षं ऐकू येत नाही, समोरच्याच्या ओठांवरूनच ती सगळं ओळखते. तो तुकडा फोनवर तिला दाखवावा, हा माझा विचारही तिनं तसाच ओळखला आणि फोनसाठी हात पुढं केला. पदरानं काच पुसली. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना तिचे स्वतःचे ओठ हलू लागले, डोळे भरून आले. मी वही उघडून पेन धरून बसलो.

"सांग ना मावशी, कोनतं गानं?"

"गानं कुठचं बाप्पा!" मावशी डोळे पुसत म्हणाली. "'पऱ्ह्यावरून खाली उतर गध्या, पऱ्ह्यावरून खाली उतर,' असं म्हनून रायली थे तुले. अन् तू तं उतरलाच नाहीस."