संपर्क व्यक्तीने ओळखण्यास नकार दिला

फोन आला तेव्हा मी गॅलरीत गोधडी वाळत घालत होते. पलीकडची पोरगी हिंदीत घोळलेल्या मराठीत म्हणाली, "मॅडम, तुमची व्हेरिफिकेशन केस होल्डवर गेलीय. संपर्क व्यक्तीने तुम्हाला ओळखण्यास नकार दिला."

"कोणत्या व्यक्तीने?"

"इमर्जन्सी कॉन्टॅक्ट. तुमच्या जुन्या कंपनीच्या फायलीत आहेत ते."

तिने नंबराचे शेवटचे आकडे वाचले. तो सासरच्या घरातला नंबर होता.

आता जरा मागचं सांगते. त्या फोनच्या दोन वर्षं आधी मुलीला घेऊन मी नवऱ्याचं घर सोडलं. तो मारायचा, दुसरं कारण नाही. एकलहऱ्याच्या रस्त्याला एक खोली घेतली आणि ती कुठे आहे हे त्याला कळू दिलं नाही. नोकरी मात्र तीच, अंबडच्या कंपनीत पॅकिंगला, आणि ती त्याला पाठ होती. पगार झाला की गेटसमोर गाडी लावून उभा राहायचा. मी मालाच्या गेटने बाहेर पडायचे, कंपनीच्या बसमध्ये दोन धिप्पाड बायांच्या मधे अंग चोरून बसायचे. एकदा तर त्याने बसचा पाठलाग केला. द्वारका चौकाच्या गर्दीत अडकला म्हणून वाचले. त्या दिवशी ठरवलं, ही नोकरी सोडायची.

सिन्नरला दुसरी मिळाली. पत्र हातात, जुन्या ठिकाणी राजीनामा देऊन मोकळी, सोमवारी हजर व्हायचं. फक्त पडताळणी बाकी होती. नवी कंपनी कोणती हे त्याला कळू नये, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप. आणि ही बया त्याच घरी फोन करून बसली होती.

"तुम्ही त्यांना विचारलंत काय?"

"स्क्रिप्ट असते मॅडम. तुमचं नाव, जुनी कंपनी, नवी कंपनी, सध्याचा पत्ता. हे वाचायचं आणि कन्फर्म करता का म्हणून विचारायचं."

"पत्ता वाचलात? माझा?"

"केस लवकर क्लिअर व्हावी म्हणून, मॅडम."

गोधडी हातातून खाली पडली. "फोन बाईने उचलला की पुरुषाने? एवढं तरी सांगा."

"ते नाही सांगता येणार. समोरच्या व्यक्तीची प्रायव्हसी असते."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "अगं, समोरच्याची प्रायव्हसी आणि माझं काय उघड्यावर पडलंय का गं सगळं?"

ती मला धीर द्यायला म्हणाली, "टेन्शन घेऊ नका. आज चारनंतर दुसरा कॉल जाईल. तेव्हा ते हो म्हणाले की झालं."

"तो कॉल रद्द करा."

"कॉल सिस्टीम लावते मॅडम. मी तिकीट टाकते, म्हणजे तक्रारीची नोंद."

तिकीट टाकते म्हणे! मी जुन्या कंपनीच्या एचआरवाल्याला फोन लावला. घर सोडलं त्याच आठवड्यात मी त्याच्याकडे अर्ज दिला होता, नवऱ्याचं नाव आणि नंबर फायलीतून काढा म्हणून, आणि पोच घेतली होती. शनिवार, अंबडला सुट्टी, हा भाजीबाजारात. मागून कोथिंबीरवाल्याची आरोळी ऐकू येत होती.

"अहो ताई, तुमचा अर्ज आपल्याकडे लावलाय ना. पण हे चौकशीचं काम आता बाहेर दिलंय. त्यांना आपण जॉइनिंगच्या वेळचे कागद स्कॅन करून पाठवले, सगळ्यांचेच. आता ते आपल्या हातात नाही."

"पाठवताना कोणी बघितलं नाही?"

"इतक्या फायली कोण बघणार, ताई?"

फोन ठेवला. भांडून काही होणार नव्हतं आणि वेळ जात होता. शनिवार म्हणजे नवऱ्याचीही सुट्टी. तो द्वारकेला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला आहे, शनिवारी घरी लोळत पडलेला असतो. हा नंबर पूर्वी त्याचाच. मोठा फोन घेतला तेव्हा जुना बटणांचा फोन आईला देऊन टाकला. म्हणजे सकाळी उचलला असेल तर सासूने. पण तिने तरी "ओळखत नाही" का म्हणावं? रागाने? की शेजारी बसून त्यानेच बोलायला लावलं, आणि पत्ता घेऊन तो निघालासुद्धा?

सासूला मी आत्या म्हणायचे. पेठ तालुक्याकडची बाई, उंच, हाडापेराने मजबूत, बोलायची कमी. तिचा लेक मला मारायचा तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून भांडी घासायची. नळ सोडून. घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. ते मी कधी विसरले नाही आणि माफही केलं नाही. दुसरा कॉल त्याच्या हातात पडायच्या आधी आता त्याच बाईला गाठायचं होतं, तिच्याच भरवशावर.

मुलगी क्लासला गेलेली. दाराला कुलूप घातलं आणि कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्या चाचांकडे गेले. माझ्या फोनवरून लावला असता तर नवा नंबर त्याच्या घरात गेला असता. चाचांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी फारसं विचारलं नाही. म्हणाले, "मी लावतो. मर्द बोला तो बोलूंगा, रिचार्ज खत्म हो रहा है. औरत बोली तो तुम लो."

चार वाजून गेले होते. रिंग वाजत राहिली. चाचांनी "हॅलो" केलं, ऐकलं आणि फोन माझ्याकडे दिला.

"आत्या," मी म्हणाले.

पलीकडून एकदम मोठ्याने, "हां हां, बोल बाई! लय दिवसांनी आठवन झाली गं!"

मागून त्याचा आवाज आला. "कोण आहे?"

"माझी बहीन हाय, पेठची."

मी श्वास धरून उभी. तो घरातच होता, निघाला नव्हता. म्हणजे त्याला माहीत नव्हतं! चाचांनी स्टूल सरकवलं.

आत्या बोलत सुटली. त्या घरात इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. भात कसा झाला, नागली यंदा किती लावली, म्हातारीचा गुडघा दुखतोय का. मी नुसतं "हं, हं" करत होते. मग ती थांबली आणि तशाच मोठ्या आवाजात म्हणाली, "आन नात कशी हाय तुझी? शाळंत जाती ना? खाती-पिती का?"

मी हळूच म्हणाले, "आठवीत गेली, आत्या. तुमच्यासारखी उंच झालीय."

"बरं हाय," ती म्हणाली. "बरं हाय बाई." आणि नाक ओढलं.

तेवढ्यात मधेच पलीकडे तिच्या फोनात टुंग टुंग वाजायला लागलं. दुसरा कॉल येत होता, तोच! मी स्टुलाची कड घट्ट धरली.

"दुसरा फोन येतोय तुला," तो मागून म्हणाला. "दे इकडे, बघतो."

"राहू दे रे."

"अगं, दे म्हणतोय ना!"

हा "दे म्हणतोय ना" मला चांगला ओळखीचा. ह्याच्यानंतर हात उठायचा. मी डोळे मिटले.

"बहिनीशी चार शब्द बोलले तर तुझ्या बापाचं काय जातं?" आत्या कडाडली. "दिसभर ते लोनवाले फोन करत्यात, लोन घ्या, लोन घ्या. वाजू दे! मेल्यांना दुसरा धंदा नाय."

टुंग टुंग वाजतच होतं. तो काहीतरी पुटपुटला. टीव्हीचा आवाज वाढला. मग वाजणं थांबलं.

आत्याचा आवाज खाली आला नाही. "सकाळच्याला बी एका पोरीचा आलता. कुना बाईची चौकशी करीत व्हती, वळखता का म्हनून. पत्ता काय सांगती, कंपनी काय सांगती. मी म्हनलं, आमी नाय वळखत आसल्या बाईला."

हे सगळं त्याच्यासमोर. नळ सोडून भांडी घासणारी हीच का ती बाई?

"आता फोन करू नगं," ती म्हणाली. "ह्यो फोन लय जुना झालाय. बंदच पडंल बघ आज-उद्या. सुखी ऱ्हा."

कट झाला. मी चाचांचा फोन पदराने पुसून परत दिला, कारण तो पार ओला झाला होता. उद्या इथे कोणी फोन करून विचारलं तर, असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, "रिचार्जवाले को दिनभर राँग नंबर आते हैं, बेटा."

सोमवारी सकाळी त्या पोरीचा फोन. काल-परवा पुन्हा प्रयत्न केले, नंबर स्विच ऑफ. संपर्क होऊ शकला नाही, असा शेरा मारून केस बंद केलीय. संपर्क झाला नाही हे चालतं म्हणे, नकार चालत नाही. माझ्या जुन्या सुपरवायझर बाईंनी माझ्याबद्दल दोन चांगले शब्द सांगितले आणि सिन्नरवाल्यांनी मला घेतलं. त्या संध्याकाळी मुलीला पेढे आणले. आजी बोलली हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मलाही बोलायचं होतं."

ह्याला आता वर्ष होऊन गेलं. सिन्नरच्या कंपनीत इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून चाचांचा नंबर दिलाय, त्यांना विचारून. गेट मोठं आहे आणि समोर कोणी गाडी लावून उभं नसतं. मी सरळ, मोठ्या दाराने बाहेर पडते.

आत्याचा नंबर मी अधूनमधून चाचांच्या फोनवरून लावते. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं रेकॉर्डवरची बाई सांगते. म्हणजे फोन बिघडला नव्हता. तिने सिमकार्डच मोडून टाकलं असणार, त्याच दिवशी, माझ्यापायी. तिच्याकडे तेवढा एकच फोन होता. माझा पत्ता तिने एकदाच ऐकलाय, तोही घाईघाईत वाचलेला, आणि तिला लिहिता-वाचता येत नाही. जिन्यात पावलं वाजली की अजून छातीत धस्स होतं, आणि आताशा त्यातच वाटून जातं, आत्या तर नसेल?

म्हातारी आहे. उद्या तिला काही झालं तर मला कोण कळवणार? त्या घरात मला कोणी ओळखतच नाही.