अठरावा दोष

शनिवार, १४ मे २००५, सकाळचे साडेदहा. जागा : जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरापासून बावीस किलोमीटरवरच्या एका गावातलं, घराला लागून असलेलं गॅरेज. मागितलेली रक्कम : साडेअठरा हजार युरो. हजर : मी, माझे जावई आणि गाडीचे मालक. एवढा तपशील मला डायरी न उघडता सांगता येतो. गुन्हा मात्र कुठेही दाखल नव्हता, आणि मी तेव्हा पोलीस खात्यातही नव्हतो. वर्षभरापूर्वीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. एकोणतीस वर्षांच्या नोकरीतली अकरा वर्षं मी वाहनचोरी पथकात काढली. तिथे उकललेली बरीच प्रकरणं विसरलो, हे एक विसरलो नाही, कारण ह्यात माझी चूक झाली होती.

मुलगी आणि जावई ब्राउनश्वाइगला राहायचे. जावई इंजिनिअर. मी आणि माझी बायको दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. निघण्याआधीच मुलीचा नाशिकला फोन आला होता. जावयांना एक जुनी अमेरिकन गाडी घ्यायची आहे, १९६९ सालची, दोन दारांची, सहा लिटरच्या वरचं आठ सिलिंडरचं इंजिन असलेली. असल्या दांडग्या ताकदीच्या गाड्यांना मसल कार म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं. सातारच्या होस्टेलवर जावयांच्या पलंगाशेजारी कॅलेंडरमधून कापलेलं तिचं चित्र पाच वर्षं होतं म्हणे. आता पाच वर्षांची शिल्लक घालून ती खरीच घ्यायची होती.

"बाबा, तो माझं ऐकणार नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर ऐकेल. तुम्ही बघा, आणि काय ते सांगा."

खरं सांगायचं तर मी 'नाही' म्हणायच्या तयारीनेच विमानात बसलो. छत्तीस वर्षांची गाडी, शंभर किलोमीटरला वीस-बावीस लिटर पेट्रोल. एवढ्या पैशात नाशिकला टू-बीएचके येत होता. पण तपासाआधी निकाल लिहायचा नाही, हेही खात्यात शिकलो होतो.

गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी एक खबर आली. जावयांच्या ऑफिसातले एक पुण्याचे सहकारी, जुन्या मोटारसायकली दुरुस्त करायचा नाद असलेले, फोनवर म्हणाले की ह्याच मॉडेलला बाकी ठिकाणी पंचवीस-सव्वीस हजार मागतात. मूळ इंजिनासकट गाडी साडेअठराला देतोय, म्हणजे काहीतरी गडबड आहे. खबर तपासण्याआधी मी नेहमी खबर देणारा तपासतो. ह्या गृहस्थांना गाडी स्वतःला नको होती, मालकाशी वैर नव्हतं. म्हणजे खबर दखल घेण्यासारखी होती.

मालक एकाहत्तर वर्षांचे, उंच, एकटे राहणारे. तरुणपणी ते दक्षिण जर्मनीतल्या एका अमेरिकन लष्करी तळावर मेकॅनिक होते. त्यामुळे त्यांना इंग्रजी बोलता येत होतं, माझ्याइतपतच. १९७३ साली मायदेशी परतणाऱ्या एका सैनिकाकडून त्यांनी ही गाडी घेतली होती. गॅरेज आमच्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीपेक्षा दसपट स्वच्छ. गाडी गडद हिरवी, लांबच लांब बॉनेटची. जावयांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात पँटच्या खिशात घातले. लहान मुलं मिठाईच्या दुकानात घालतात तसे.

आम्ही काही विचारायच्या आत मालकांनी एक टाइप केलेला कागद माझ्या हातात दिला. वर शीर्षक होतं 'माहीत असलेले दोष'. खाली सतरा कलमं. उजव्या मागच्या चाकावर पत्र्याला गंज, पाच सेंटिमीटर. डिक्कीचं रबर फाटलं आहे. थंडीत दुसरा गिअर अडकतो. पेट्रोलचा काटा पाव टाकी जास्त दाखवतो. प्रत्येक कलमापुढे दुरुस्तीचा अंदाजे खर्च. बेरीज साडेसात हजार. बाजारभाव सव्वीस हजार, वजा साडेसात, बाकी साडेअठरा.

जावई मराठीत म्हणाले, "बाबा, इथे असंच असतं. दोष लिहून द्यायचे, दोघांनी सह्या करायच्या. नंतर भांडण नको."

मी मान डोलावली, पण मनात वेगळंच चाललं होतं. आमच्याकडे कोणी आपल्या मालाचा एक दोष आपणहून सांगितला तर माणूस थबकतो. इथे सतरा! पथकात असताना एका संशयिताने बसल्या बैठकीला दोन सायकलींची चोरी कबूल केली होती. ठाणे अंमलदार खूश झाला. मी रात्रभर त्याला सोडला नाही, आणि पहाटे एका ट्रकचा पत्ता लागला. लहान गुन्हा जो चटकन कबूल करतो तो मोठा लपवत असतो, ही माझी तेव्हापासूनची पक्की समजूत. म्हणून मी ठरवलं की ह्या कागदावर नसलेला अठरावा दोष शोधायचा.

रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक मी पत्र्यावरून फिरवलं. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. दोन ठिकाणी सुटलं, दोन्ही यादीत होती. मग पुढच्या काचेखालची चासी नंबरची पट्टी बघितली. रिव्हेट कारखान्याचेच, कोणी काढून पुन्हा ठोकलेले नव्हते. बॉडीवर आतल्या बाजूला दडवून पंच केलेला नंबर बॅटरीने पाहिला, जुळला. मालकीचं कागदपत्र, ज्याला तिथे ब्रीफ म्हणतात, त्यावरचा नंबरही तोच. खाली आडवं होऊन जावयांनी गिअरबॉक्सवरचे आकडे वाचले. तेही जुळले.

हे चालू असताना मी मालकांना तोच प्रश्न तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारला : इंजिन मूळचंच ना? तिन्ही वेळा उत्तर एकच. हो, मूळचंच. उत्तर देताना ते शांत होते. सराईत माणूसही शांत असतो, म्हणून मी चेहऱ्याला मार्क देत नाही.

इंजिनवरच्या नंबरची जागा वंगणाने काळी झाली होती. मी रॉकेलचं फडकं मागितलं. मालकांनी तसलंच काहीतरी भिजवून दिलं. पाच मिनिटं घासल्यावर आकडे वर आले. मी वाचले, जावयांना वाचायला लावले, मग कागदावर लिहून पट्टीशेजारी धरले. ह्या गाड्यांच्या मूळ इंजिनावर चासी नंबरचेच शेवटचे सहा आकडे असतात; इथे सहाच्या सहा वेगळे होते. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, तो ओतल्याच्या तारखेची खूणही होती. जावयांनी सोबत आणलेल्या तक्त्यावरून ती लावली. ब्लॉक १९७१ सालचा. गाडी १९६९ ची.

मला आनंद झाला, हे कबूल करतो. 'नाही' म्हणायला भक्कम कारण मिळालं होतं. मी मालकांना एका बुटक्या स्टुलावर बसायला सांगितलं, स्वतः उभा राहिलो आणि कागद त्यांच्यापुढे धरला. "हे तुमच्या यादीत नाही," म्हणालो. जावई हळूच म्हणाले, "बाबा, जरा दमानं."

 मालकांनी चष्मा बदलला, स्टुलावरून उठून बॉनेटखाली वाकले आणि नंबर स्वतः वाचला. मग बोट फिरवून पुन्हा वाचला. सरळ झाले तेव्हा एवढंच म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

हे वाक्य मी नोकरीत हजारो वेळा ऐकलेलं. मी पुढचा प्रश्न टाकला : बत्तीस वर्षांत गाडी तुमच्या ताब्यातून कधी गेली होती का? ते विचार करत राहिले. मी थांबलो. जबाब घेताना शांततेत घाई करायची नसते. मग ते म्हणाले, एकदाच. १९८१ साली त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा गाडी दुसऱ्या गावच्या एका वर्कशॉपला इंजिन खोलून दुरुस्त करायला दिली होती. अकरा आठवडे. त्याआधी आणि त्यानंतर इंजिनाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

"कशावरून? घेतलीत तेव्हाच बदललेलं असेल," मी म्हणालो.

ते घरात गेले. जावई म्हणाले, "चिडले बहुतेक." मलाही तसंच वाटलं. दहा मिनिटांनी ते दोन गोष्टी घेऊन आले. एक, १९८१ चं वर्कशॉपचं बिल, त्यावर फक्त 'इंजिन दुरुस्ती' आणि रक्कम. दुसरी, चौकोनी कागदाची जाड वही. गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक प्लग, तारीख आणि किलोमीटरसकट. मला हातात घेताच कळलं की ही वही एका बैठकीत लिहिलेली नाही. शाई दर दोन-तीन पानांनी बदलत होती. कडा हाताळून काळ्या झाल्या होत्या. पहिल्याच पानावर, १९७३ सालच्या नोंदीत, पेन्सिलीने गाडीचे सगळे नंबर लिहिले होते. तिथला इंजिनचा नंबर पट्टीशी जुळत होता. सहाच्या सहा आकडे.

म्हणजे सैनिकाने मूळ इंजिनाचीच गाडी विकली होती. मधल्या अकरा आठवड्यांत कोणीतरी ते काढून त्याच जातीचं दुसरं बसवलं, वर दुरुस्तीचं बिलही घेतलं, आणि हा माणूस चोवीस वर्षं त्याच इंजिनाचं ऑइल बदलत राहिला. मी ज्याला आरोपी म्हणून स्टुलावर बसवलं होतं तो फिर्यादी निघाला.

मी त्यांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं आणि आपण चुकलो हे सरळ सांगितलं. तक्रार करता येईल का, हेही विचारलं. वर्कशॉप कधीच बंद झालं होतं, चालवणारा वारला होता. ते म्हणाले, सोडा. मग त्यांनी दोषांचा कागद घेतला आणि सतराव्या कलमाखाली पेनाने अठरावं लिहिलं : इंजिन मूळचं नाही. त्यापुढे रक्कम मांडली, साडेचार हजार. नवी किंमत चौदा हजार.

जावयांचे डोळे चमकले, पण ते माझ्याकडे बघत होते. आता 'नाही' म्हणायचं की नाही, हे माझ्यावर होतं. मी पुन्हा आकडे बघितले. गाडी चोरीची नव्हती. कागद स्वच्छ होते. दोष अठरा होते, आणि अठराही माहीत होते. मी आयुष्यात घेतलेल्या एकाही वस्तूबद्दल, घर धरून, मला एवढं माहीत नव्हतं. आणि खटकत होतं ते उलटंच. इंजिन दुसरं असलं तरी त्याच जातीचं, उत्तम चालणारं. त्याला साडेचार हजार वजा करणं जास्त होत होतं.

मी जावयांना बाजूला घेतलं. म्हणालो, "पैसे तुमचे आहेत, निर्णय तुमचा. पण साडेतीन वजा करणं रास्त आहे. चौदाला घेतली तर आपण त्यांच्या धक्क्याचा फायदा घेतल्यासारखं होईल."

 जावई हसून म्हणाले, "गेनाऊ, बाबा. अगदी बरोबर. पंधरा."

मालकांना आमचा आकडा कळल्यावर त्यांनी दोनदा विचारलं की आपल्याला इंग्रजी नीट समजलं ना. मग म्हणाले, "सहा आठवड्यांत नऊ लोक आले. हॉर्न वाजवला, आत बसून फोटो काढले. नंबर कोणी वाचला नाही. गाडी तुम्हालाच जाऊ दे."

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. मुलीने माझ्या हातातून दोषांचा कागद घेऊन शेवटपर्यंत वाचला आणि नवऱ्याला म्हणाली, "रबर आधी बदल." तिचा होकार असा आला. बायको मात्र सोडते का! "अहो, भाव पाडायला गेला होतात ना? हजाराने वाढवून आलात," असं म्हणून तिने हे नाशिकच्या सगळ्या नातेवाइकांना फोनवर ऐकवलं.

पुढच्या गुरुवारी गाड्यांचं मूल्य ठरवणारा अधिकृत तज्ज्ञ येऊन गेला. जुन्या गाड्यांना तिथे कमी कराची खास नंबरप्लेट मिळते. इंजिन बदलल्यामुळे ती जाते की काय, अशी आम्हाला धास्ती होती. इंजिन त्याच काळातलं असल्यामुळे ती मिळेल असं त्याने लिहून दिलं, आणि किंमतही आमच्या आकड्याच्या आसपासच धरली.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं ते थोडक्यात लिहितो. संशय हे आमच्या कामाचं हत्यार आहे आणि ते बाळगल्याबद्दल मला खंत नाही. तो नसता तर ते आकडे काळ्या वंगणाखालीच राहिले असते, आणि जावयांनी मूळ इंजिनाचा भाव देऊन गाडी आणली असती. पण संशयाचं काम दरवाजा उघडण्यापुरतं. आत कोण बसलं आहे हे आधीच ठरवून गेलो तर समोरचा माणूस दिसत नाही. दोष आपणहून लिहून देणारा माणूस लबाडच असेल, असं मी अकरा वर्षांच्या अनुभवावर धरून चाललो होतो. तो अनुभव खरा होता, पण तो फक्त लबाडांमध्ये काढलेल्या अकरा वर्षांचा होता. सरळ माणसं पोलीस ठाण्यात फारशी येत नाहीत. त्यांचा हिशेब माझ्याकडे नव्हताच.

शनिवार, २८ मे रोजी त्याच गॅरेजमध्ये करारावर सह्या झाल्या. अठरा कलमांचा कागद त्याला जोडला. मालकांनी चाव्या दिल्या, आणि मग न मागता वहीही दिली. पुढची नोंद जावयांनी करायची होती. तज्ज्ञाची फी दोनशे साठ युरो, दोन्ही बाजूंनी एकशे तीस-एकशे तीस दिली. गाडीची किंमत पंधरा हजार युरो, जावयांनी मालकांच्या हातात दिली.